आधी अक्षर, मग चित्र

स्वतःचं ई-पुस्तक काढायला निघालेला मराठी लेखक मजकुरापाशी फारसा अडत नाही, अडतो तो मुखपृष्ठापाशी. कुणी सांगतं फोटोशॉप शीक, कुणी म्हणतं कॅनव्हावर अर्ध्या तासात होतं. गावातला डीटीपीवाला कोरल आणि श्री-लिपीशिवाय मराठीचं काम होतच नाही असं ठासून सांगतो, आणि घरातला एखादा भाचा मोबाइलवर एआयकडून चित्र काढून घेऊन पुढ्यात धरतो. चौघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण मराठी मुखपृष्ठाच्या बाबतीत सॉफ्टवेअरची परीक्षा चित्रात होत नाही, अक्षरात होते, हे त्यांपैकी कुणी सांगत नाही. चित्र कापणं, त्याचे रंग बदलणं, त्यावर सावली टाकणं कुठल्याही बऱ्या सॉफ्टवेअरला जमतं. ‘दऱ्याखोऱ्यांतला विठ्ठल’ एवढं नाव धड उमटवणारी सॉफ्टवेअरं मात्र मोजकी, आणि त्यांतलीही काही सेटिंग बदलल्याशिवाय ते उमटवत नाहीत.

पडद्यावरच्या मुखपृष्ठाच्या मागण्या तशा माफक असतात. किंडलसाठी ॲमेझॉन २,५६० पिक्सेल उंची आणि १,६०० पिक्सेल रुंदी आदर्श मानतं. कमीत कमी १,००० बाय ६२५ चालतं. फाइल जेपेग किंवा टिफ, ५० एमबीच्या आत, रंग आरजीबी. ॲपल बुक्सला लहान बाजू निदान १,४०० पिक्सेल लागते. ऑडिओबुकचं मुखपृष्ठ चौरस असतं आणि ऑडिबलच्या निर्मात्यांना ते २,४०० बाय २,४०० द्यावं लागतं, तेव्हा पुढे पुस्तक ऐकवायचंही मनात असेल तर चित्र कडेला चिकटवू नये, भोवती जागा राखावी. इथे कणा नाही, मलपृष्ठ नाही, छपाईतलं ब्लीड नाही. १,६०० बाय २,५६० म्हणजे जेमतेम ४१ लाख पिक्सेल. त्याचा एक थर मेमरीत साधारण १६ एमबी जागा घेतो. दहा-पंधरा थर ठेवले तरी आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप ते सहज पेलतो. मुखपृष्ठासाठी नवा संगणक घ्यायला निघालेल्यांनी ते पैसे मुद्रितशोधकाला द्यावेत.

‘डीपीआय किती ठेवू?’ हा प्रश्न छापखान्यातून आलेला आहे. पडद्यावर एकूण पिक्सेल मोजले जातात. त्याच चित्रावर ७२ लिहिलं काय आणि ३०० लिहिलं काय, किंडलवर ते सारखंच दिसतं. तरी ३०० धरून हिशेब केला तर १,६०० बाय २,५६०चा छापील आकार साधारण ५.३ बाय ८.५ इंच येतो, म्हणजे आपल्या डेमीच्या अगदी जवळ. या जवळिकीतूनच एक घोळ होतो. साडेपाच बाय साडेआठच्या डेमीचं प्रमाण १.५५ आहे, किंडलचं १.६. छापील पुस्तकाचं मुखपृष्ठ उचलून ते ओढूनताणून या चौकटीत बसवलं की चेहरे लांबट होतात आणि अक्षरं उभट दिसू लागतात. त्यापेक्षा रुंदीतून साडेतीन टक्के कापून टाकावं. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

देवनागरी सॉफ्टवेअरमध्ये का मोडते हे एकदा समजलं की पुढची निवड सोपी होते. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठवला जातो, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे नेणं, ‘ष’, ‘ट’ आणि ‘र’ एकमेकांत बसवून ‘ष्ट्र’ करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, हे सगळं दाखवताना व्हावं लागतं. ते काम सॉफ्टवेअरमधलं शेपिंग इंजिन करतं. इंजिन नसेल किंवा बंद असेल तर वेलांटी उजवीकडे लटकते, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं रांगेने उभी राहतात. फाँट बदलून हे सुटत नाही. लोक मात्र तासन्‌तास फाँटच बदलत बसतात.

डीटीपीवाल्याचं म्हणणंही इथेच समजून घ्यावं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती ही मंडळी युनिकोड घरोघरी पोचण्याआधी मराठी छपाईचा गाडा ओढत होती. त्यांच्या जुन्या फाँटांत अक्षरांचे तुकडे रोमन कळांच्या जागी बसवलेले असतात आणि ऑपरेटर ते तुकडे जोडून शब्द उभा करतो, त्यामुळे इंजिनाची गरजच पडत नाही. २००१नंतर नवी आवृत्ती न आलेलं पेजमेकर आपल्याकडे इतकी वर्षं टिकलं ते याच जोरावर. मुखपृष्ठापुरतं पाहिलं तर ही पद्धत चुकीचीही नाही. शेवटी सगळ्याचं चित्रच व्हायचं आहे, मग अक्षर कोणत्या संकेतप्रणालीतून आलं याची वाचकाला काय फिकीर? शिवाय जुन्या संचांत नावांसाठी साजेसे कितीतरी ठसठशीत फाँट आहेत. अडचण पुढे येते. तीच फाइल तुमच्या संगणकावर उघडली की नावाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. दुसऱ्या आवृत्तीत उपशीर्षक बदलायचं झालं की पुन्हा त्याच दुकानात जावं लागतं, आणि तोवर तो ऑपरेटर काम सोडून गेलेला असतो. कोरलड्रॉने २०१२च्या एक्स६ आवृत्तीत मजकुराची यंत्रणा बदलून ओपनटाइप फाँटांना जागा दिली. दुकानात त्यानंतरचं कोरल असेल तर युनिकोड फाँटचाच आग्रह धरावा.

ॲडोबीच्या सॉफ्टवेअरांत इंजिन आहे, पण दाखवावं लागतं. इनडिझाइनमध्ये २०१२च्या सीएस६पासून भारतीय भाषांची सोय आहे; परिच्छेदाच्या पॅनेलमधून ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला की मराठी जुळते. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण करायची, मग तोच कंपोझर निवडायचा. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात पश्चिम आणि दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय असतो. त्याचं नाव आणि जागा आवृत्तीगणिक बदलत आली आहे. तो निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावं लागतं, आणि आधी लिहिलेल्या मजकुराला ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ वेगळं द्यावं लागतं. ‘फोटोशॉपमध्ये मराठी तुटते’ ही तक्रार बहुतेकदा या एका खुणेपाशी संपते. मात्र केवळ एका मुखपृष्ठासाठी ॲडोबीचं मासिक भाडं भरावं असं मला वाटत नाही. वर्षाला दहा-बारा पुस्तकं काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाचं गणित वेगळं असेल.

अ‍ॅफिनिटीचं नाव अलीकडे बरंच घेतलं जातं. इंग्लंडच्या सेरिफ कंपनीचं हे सॉफ्टवेअर २०२४मध्ये कॅनव्हाने विकत घेतलं आणि २०२५च्या अखेरीस फुकट केलं. चित्रकामासाठी ते उत्तम आहे. पण दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यात भारतीय लिप्यांसाठी शेपिंग नव्हतं. नवी आवृत्ती वापरायचीच असेल तर आधी जोडाक्षरं टाकून पाहावीत आणि मगच शिकण्यात वेळ घालवावा.

फुकट सॉफ्टवेअरांची गोष्ट मराठी माणसाच्या फायद्याची आहे, आणि कारण पुन्हा अक्षरच. जिंप आणि इंकस्केप ही दोन्ही मजकुरासाठी पँगो नावाची लायब्ररी वापरतात आणि पँगोच्या पोटात हार्फबझ हे शेपिंग इंजिन आहे. त्यामुळे कुठलीही खूण न करता, उतरवून घेतल्या क्षणी मराठी व्यवस्थित दिसते. पैसे मोजून घेतलेल्या फोटोशॉपला जे सांगावं लागतं ते इथे न सांगता होतं, ही गंमतच. जिंपचा जन्म १९९५च्या सुमारास बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाला. मार्च २०२५मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीत मूळ थर न बिघडवता परिणाम चढवण्याची सोय आहे, तेव्हा नावावर सावली टाकूनही ते नंतर दुरुस्त करता येतं. इंकस्केप रेषांचं सॉफ्टवेअर आहे. त्यातलं अक्षर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. स्क्रायबसमध्ये १.५.३पासून भारतीय लिप्या जुळू लागल्या आणि २०२४च्या आरंभी आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती सोय आहेच, पण ते पानांच्या मांडणीचं साधन आहे. एका मुखपृष्ठासाठी त्याची गरज पडत नाही.

मी स्वतः सुचवेन ती जोडी अशी: चित्र जिंपमध्ये, अक्षरं इंकस्केपमध्ये. जिंपमध्ये ३,२०० बाय ५,१२०ची, म्हणजे दुप्पट मापाची फाइल उघडावी. उद्या छापील आवृत्ती निघाली तर चित्र कमी पडणार नाही. रंगाची प्रोफाइल एसआरजीबी ठेवावी. छापखान्यासाठी केलेली सीएमवायके फाइल तशीच चढवली तर पडद्यावर रंग भडक किंवा मळकट दिसण्याची भीती असते. तयार चित्र पीएनजी म्हणून काढून इंकस्केपमध्ये आणायचं आणि त्यावर नाव, लेखक, हवं तर प्रकाशनाचं चिन्ह बसवायचं. सगळं मनासारखं झालं की फाइलची एक प्रत वेगळी ठेवून दुसऱ्या प्रतीतल्या मजकुराचं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करायचं. अक्षरं आकृती बनतात आणि मग समोरच्याकडे तो फाँट असो-नसो, नाव बदलत नाही. पहिली प्रत जपायची, कारण आकृती झालेल्या अक्षरांतलं शुद्धलेखन सुधारता येत नाही.

कॅनव्हाला नाक मुरडणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. ज्याला दोन सॉफ्टवेअरं शिकायची नाहीत त्याला ब्राउझरमध्ये मराठी नीट जुळवून देणारं साधन मिळत असेल तर वाईट काय? फक्त आरंभीच हव्या त्या मापाची कोरी चौकट उघडावी, कारण आकार नंतर बदलण्याची सोय पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. आणि तिथल्या तयार नमुन्यांपासून सावध असावं. हे नमुने रोमन लिपीसाठी आखलेले असतात. त्यांत नावाच्या अक्षरांत ऐसपैस अंतर सोडलेलं असतं. रोमनमध्ये ते रुबाबदार दिसतं, मराठीत मात्र शिरोरेघेचे तुकडे पडतात आणि नाव दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसू लागतं. अंतर शून्यावर आणलं की काम भागतं, पण मुळात ते वाढवलेलं आहे हेच नवख्याला कळत नाही. नमुन्यातल्या फाँटमध्ये देवनागरी नसेल तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फाँट लावतं, आणि सगळा डौल जिच्यावर उभा होता ती फाँटांची जोडीच मोडते. तिथली चित्रंही सगळ्यांसाठी खुली असतात, त्यामुळे तीच बाई तोच कंदील हातात धरून आणखी चार कादंबऱ्यांवर उभी असू शकते.

आता फाँट. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आयता मिळत आला म्हणून मंगल वापरलेली मुखपृष्ठं अजून दिसतात. मंगल र. कृ. जोशींचं काम. ते कवी आणि मोठे सुलेखनकार, पण हा फाँट त्यांनी संगणकाच्या पडद्यावरच्या बारीक मजकुरासाठी घडवला. त्याला कादंबरीचं नाव पेलायला लावणं त्याच्यावर अन्याय आहे. मुक्त परवान्याखाली मिळणारे देवनागरी फाँट आता चिक्कार आहेत आणि ते व्यावसायिक पुस्तकासाठी विनामूल्य वापरता येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट साधा आणि सभ्य, वजनांची चढती रांग असलेला. त्यांचाच बलू गुबगुबीत, बालसाहित्याला शोभणारा. मोदक इतका फुगलेला की लहान आकारात आतल्या पोकळ्या बुजतात, पण दोन अक्षरी नावाला मजा आणतो. यात्रा वन मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला, शहरी कथासंग्रहाला चपखल. टिरो देवनागरी मराठी गंभीर गद्याला. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा तेको उंच आणि अरुंद आहे, लांबलचक नाव अंगावर घ्यायला बरा. सॉफ्टवेअरमधलं खोटं ‘बोल्ड’ बटण मात्र दाबू नये. त्याने ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांच्या आतल्या जागा भरून जातात.

प्रत्येक फाँट निवडण्याआधी एक ओळ लिहून पाहावी, ज्यात ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘द्वंद्व’, ‘विठ्ठल’, ‘शृंगार’, ‘राष्ट्र’ आणि ‘ॲड’ हे सगळे येतील. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, म्हणून त्याआधीच्या फाँटांत त्याच्या जागी चौकोन दिसतो किंवा उसनं अक्षर येतं. ‘दऱ्या’ लिहायला ‘ऱ’ लागतो, इन्स्क्रिप्टवर तो शिफ्ट धरून ‘र’च्याच कळीवर आहे, साध्या ‘र’ने लिहिलं तर ‘दर्या’ होतो आणि पुस्तक डोंगरातून समुद्रावर जातं. राज्य शासनाने २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला. बऱ्याच फाँटांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय मराठी रूप पुढे येत नाही. जिंपच्या मजकूर-साधनात आणि ॲडोबीच्या अक्षरांच्या पॅनेलमध्ये भाषेचा रकाना आहे, तो भरावा. एवढी उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. पुस्तक मराठी आहे म्हणून.

वाचकाला मुखपृष्ठ पहिल्यांदा दिसतं ते अंगठ्याच्या नखाएवढं, तेही मोबाइलवर. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार यांसाठी जागा लागते, त्यामुळे सारख्याच पॉइंटात मूळ अक्षराचा गाभा रोमनपेक्षा लहान दिसतो. इंग्रजी मुखपृष्ठावर शोभतो तेवढाच आकार ठेवला तर मराठी नाव दुकानाच्या यादीत नाहीसं होतं. ‘रंग’मधला अनुस्वार पुसला गेला की ‘रग’ उरते. म्हणून फाइल दीडशे पिक्सेल उंचीला आणून पाहावी आणि ती घरातल्या चष्मेवाल्या माणसाला वाचायला द्यावी. नाव दोन ओळींचं असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसत नाही ना, हे ओळ ओळ हलवून ठरवावं. सॉफ्टवेअरने आपोआप सोडलेल्या अंतरावर विसंबू नये. बहुतेक किंडल अजून कृष्णधवल आहेत आणि त्यांच्या पडद्याला करड्या रंगाच्या १६ छटाच माहीत. हिरव्यावर लाल नाव संगणकावर उठून दिसतं आणि तिथे दोन्ही एकाच करड्यात मिसळतात. जिंपमध्ये रंग काढून टाकायची आज्ञा एकदा देऊन पाहिली की हे उघडं पडतं. पांढऱ्या मुखपृष्ठाला ॲमेझॉन तीन-चार पिक्सेलची करडी किनार सुचवतं. ती द्यावी, नाहीतर पानाच्या पांढऱ्यात पुस्तकाची कडाच हरवते.

राहता राहिला एआय. चित्र काढून देण्यात तो पटाईत आहे, देवनागरी लिहिण्यात अजून भरवशाचा नाही. जास्तीची मात्रा, न ऐकलेलं जोडाक्षर असं काहीतरी देऊन जातो. चित्र घ्यायचं तर घ्यावं, नाव आपण लिहावं. सप्टेंबर २०२३पासून किंडलवर पुस्तक चढवताना मुखपृष्ठासह कोणता भाग एआयने बनवला हे ॲमेझॉनला सांगावं लागतं. दुसरी वाट जुन्या चित्रांची. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मुक्त झाली. पण जुन्या दिवाळी अंकातून दलाल-मुळगावकरांची चित्रं स्कॅन करून वापरणाऱ्यांनी थांबावं. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. दीनानाथ दलाल १९७१ साली वारले, रघुवीर मुळगावकर १९७६ साली. म्हणजे अनुक्रमे २०३१ आणि २०३६च्या अखेरपर्यंत परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

आणि सगळ्या फाँटांतून मनासारखा एकही सापडला नाही तर हाताने लिहावं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नावाला त्याचं स्वतःचं अक्षर दिलं, ते कुठल्या संचातून उचललेलं नव्हतं. तेवढा हात आपला नसेल, पण ओळखीत एखादा सुलेखन शिकलेला मुलगा किंवा मुलगी असतेच. त्यांना मानधन द्यावं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, मुखपृष्ठावर हवं त्यापेक्षा मोठं नाव चार-पाच वेळा लिहून घ्यावं, खिडकीच्या उजेडात सरळ वरून फोटो काढावा आणि जिंपच्या लेव्हल्समध्ये कागद पूर्ण पांढरा, शाई पूर्ण काळी करून घ्यावी. इंकस्केपच्या ‘ट्रेस बिटमॅप’ने त्याची आकृती होते. कडेला गरजेपेक्षा जास्त बिंदू पडतात, ते ‘सिम्प्लिफाय’ एकदा चालवून कमी करावेत; दोनदा चालवलं तर लेखणीचा कोन बोथट होतो. मग एका नावातला ‘वि’ दुसऱ्यातल्या ‘ठ्ठल’शी जोडून, शिरोरेघेचा सांधा मोठं करून तपासून, आकृती रंगवून चित्रावर ठेवता येते.